पहिल्या ओळीचं उजवं टोक

वसतिगृह, धुळे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आबा,

नमस्कार. शाळेत पत्राच्या सुरुवातीला साष्टांग दंडवत लिहायला शिकवतात, पण ते लिहिलं की पुढे मला तुमच्याशी बोलताच येत नाही. म्हणून नुसता नमस्कार, दोन्ही हात जोडून.

बातमी अशी आहे की मी लीडर झाले. शाळेच्या बँडपथकात आम्ही आठ मुली साइड ड्रम वाजवतो, त्या आठ जणींची मी लीडर. खरं तर हे फोनवरच सांगणार होते. आमच्या वसतिगृहाच्या अक्कांनी सकाळी तुम्हाला फोन लावून दिला, मागे मुलींची ही मोठी रांग, आणि मी ओरडून म्हणाले, "आबा, मी लीडर झाले." तर तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवलो, भरीत होतं." रांगेतल्या सगळ्या जणी खो खो हसल्या. आता आठवडाभर मला सगळ्या भरीत म्हणणार. म्हणून हे पत्र.

लीडर पहिल्या ओळीत उजव्या टोकाला उभी राहते. तिने काठ्या उचलल्या की बाकीच्यांनी उचलायच्या. ती वाजवेल तोच ठेका. आमचे खेळाचे कुंदन सर बँडही शिकवतात. त्यांनी विचारलं, "लीडरचं काम कोणाला येतं?" आणि मी हात वर केला. आबा, मला येत नाही. पण आमच्यातल्याच मोनालीचा हात वर जाताना दिसला आणि माझाही गेला. आता सरांना विचारायची सोय राहिली नाही.

तुम्ही जळगावात जन्मभर लग्नाच्या बँडात ड्रम वाजवलात. सुट्टीत आईबरोबर आले की मला पालथ्या पातेल्यावर तुम्हीच शिकवलंत. तेव्हा तुम्हीच सांगा, लीडरने नेमकं काय करायचं असतं?

आणि २६ जानेवारीला पोलीस मैदानावरच्या संचलनात या वर्षी आमचा बँड आहे. तुम्ही यायचंच. पहिल्या ओळीच्या उजव्या टोकाला बघायचं, तिथे मी असेन.

तुमची
मयुरी


जळगाव
१६ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरी लीडरबाईंना आबाचा मुजरा.

तुझं पत्र तुझ्या मामाला वाचून दाखवलं, मग मामीला, मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला. तो म्हणाला, भाईदासभाऊ, हे तुम्ही काल पण सांगितलं. म्हटलं, परत ऐक.

फोनचं काय आहे पोरी, आमच्या घरात रेंज नाही. ललितला कितीदा म्हटलं मोबाइल बदल, पण तुझा मामा दालमिलमधून येतो तोच डाळीच्या पिठाने पांढरा होऊन, त्याला कुठे वेळ. त्यापेक्षा पत्र बरं. यात खरखर होत नाही. भरीत मात्र खरंच होतं.

आता कामाचं. लीडरचं काम एकच, पाय बघायचे. समोरच्या माणसांचे पाय. हात आपोआप चालतात, त्यांच्याकडे बघून काही मिळत नाही. चोपड्याकडच्या एका वरातीत नवरदेवाचे मामा नाचायला उतरले. अंगाने भारी, पाय सावकाश. आमची तरणी पोरं आपल्याच तोऱ्यात भरभर बडवत होती आणि मामा बिचारे मधोमध नुसते उभे. मी त्यांच्या चपलांकडे बघितलं आणि ठेका त्या चपलांवर आणून ठेवला. मग मामा असे नाचले, की मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत थांबले नाहीत. घामाघूम होऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, आज माना पाय माले सापडनात." पाय सापडले म्हणे त्यांना. इतकी बिदागी मिळाली, पण हे वाक्य कुठे खर्च झालं नाही.

तेव्हा पाय बघ. बाकी सगळं येतं तुला, पातेल्याला अजून पोचा आहे.

२६ तारखेचं म्हणशील तर गुडघ्यावर आहे. बघू.

तुझा
आबा


वसतिगृह, धुळे
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय आबा,

नमस्कार. तुमचं पत्र दप्तरात ठेवलंय, मोनालीलाही दाखवलं नाही.

आमचा क्रीडादिन झाला. संचलन छान झालं. जरा लवकर झालं, एवढंच. पाहुणे भाषणात म्हणाले की या शाळेत उत्साह फार आहे.

एक विचारायचं होतं. समोर पाचवीची मुलं असली तर त्यांच्याही पायांकडे बघायचं का? की थांबून मोठ्या मुलांच्या पायांकडे बघायचं? सहज विचारतेय.

इथे थंडी पडलीय. आंघोळीला गरम पाणी पहिल्या मुलींनाच मिळतं, मी रोज मागे राहते. जेवण बरं आहे. अभ्यास चालू आहे. ड्रमही चालू आहे.

आबा, २६ जानेवारीला मैदानावर फार गार वारा असतो म्हणे. तुमचा गुडघा दुखत असेल तर येऊ नका. मी रागावणार नाही.

तुमची
मयुरी


जळगाव
२४ डिसेंबर २०२५

चि. मयुरी,

अनेक आशीर्वाद, आणि एक शाबासकी वेगळी काढून ठेवलीय.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पाचवीच्या पोरांच्या पायांकडे तर सर्वांत आधी बघायचं. मोठ्यांचं काय, ते कसेही निभावून नेतात. लहान पाय जिकडे जातील तिकडे ठेका जायला हवा.

आता शाबासकी. शनिवारी तुझी आई दोंडाईच्याहून तुला भेटायला आली होती ना, तिने मैदानावरच्या तुमच्या सरावाचा व्हिडिओ ललितच्या मोबाइलवर पाठवला. ललित घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच मी तो त्याच्या हातातून घेतला. काय वाजवलंस पोरी. मी पलंगावर उठून बसलो. काठी स्वच्छ, आवाज खणखणीत, आणि शेवटचा ठोका तर असा घुमला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं असेल. आठही ड्रमांचा मिळून एक ड्रम झाला होता. आमच्या बँडात हे साधायला आम्हाला लगीनसराई सरायची.

तुझी कोकिळा मामी स्वयंपाकघराच्या दारातून मला हातानेच नको नको करत होती. मला वाटलं भाजी करपली. ललित माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांत पाणी. म्हटलं, भाचीचं कौतुक आहे त्याला.

असंच वाजव.

तुझा
आबा


वसतिगृह, धुळे
रविवार, २८ डिसेंबर २०२५

प्रिय आबा,

हे पत्र मी लिहून फाडलं, परत लिहिलं, तेही फाडलं. आता जे येईल ते येईल.

आबा, त्या व्हिडिओत आवाज नाही.

सध्या शाळेत दहावीच्या सराव परीक्षा चालू आहेत. सरांनी बजावलं होतं की काठ्या ड्रमला लागता कामा नयेत. आम्ही सगळ्या हवेत वाजवत होतो. त्या अख्ख्या व्हिडिओत एक कावळा ओरडतो आणि आई म्हणते, "मयुरी, इकडे बघ." बाकी काही नाही.

तुमचं पत्र वाचून मला आधी हसू आलं. मग भरीत आठवलं. मग दिवाळीत मी मागून हाक मारली आणि तुम्ही वळलाच नाहीत, ते आठवलं. मग मी ड्रमच्या खोलीत जाऊन बसले. आबा, तुम्हाला ऐकू येत नाही का? मला खरं सांगा. मी आईलाही सांगणार नाही. तुम्ही सांगितलं नाही याचा मला राग आलाय, पण तो माझ्याकडेच ठेवते, कारण मीही तुम्हाला सांगितलेलं नाही.

मी आता लीडर नाही.

क्रीडादिनाला बँड मंचाच्या बाजूला उभा होता आणि एकेक वर्ग समोरून चालत जाणार होता. पाचवी पहिली. मी तुम्ही सांगितलं तसे पाय बघत होते. ती पोरं पाहुण्यांना बघून बिचकली आणि भरभर चालायला लागली. मी त्यांच्या पायांबरोबर ठेका भरभर केला. ठेका भरभर झाला म्हणून ती आणखी भरभर निघाली, आणि ती निघाली म्हणून मी. सातवी आली तेव्हा सगळे पळत होते. दहावीचे दादा तर एस.टी. सुटल्यासारखे धावले. पाहुण्यांनी सलामीला नेलेला हात कपाळावरच होता आणि शाळा संपली.

कुंदन सर ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोनालीला उजव्या टोकाला उभं केलं आणि मला मागच्या ओळीत. म्हणाले, "पंधरा जानेवारीपर्यंत इथून बघ, मग ठरवू."

तुम्हाला लिहिलं नाही कारण तुम्हाला वाटलं असतं की तुमच्यामुळे झालं. आणि २६ ला येऊ नका म्हटलं ते वाऱ्यासाठी नव्हतं. तुम्ही उजव्या टोकाला बघितलं असतं आणि तिथे मोनाली असती.

मला ती जागा परत हवी आहे आबा. खूप हवी आहे.

तुमची
मयुरी


जळगाव
३ जानेवारी २०२६

चि. मयुरी,

खरं विचारलंस, खरं लिहितो. माले ऐकू येस नही. अगदी जवळ कोणी ओरडलं तर कुठेतरी लांब काहीतरी पडल्यासारखं वाटतं, तेवढंच.

एका दिवसात नाही गेलं. डाव्या कानाशी मोठा ड्रम, उजव्या कानाशी पितळी बाजा, आणि नंतर नंतर तर पाठीमागे जनरेटरची गाडी. कानांनी कुठवर सोसावं. शेवटच्या लगीनसराया मी काही न ऐकता वाजवल्या. खोटं वाटेल तुला. मोठा ड्रम वाजवणारा अभिमन माझ्या डावीकडे असायचा. त्याचं कोपर वर गेलं की माझी काठी तयार व्हायची, आणि त्याचा ठोका पडला की तो मला पोटात लागायचा. तेवढ्यावर मी वराती काढल्या. कोणाला पत्ता लागला नाही, अभिमनलाही नाही. एकदा तो आजारी पडला आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्याचं कोपर मला वाचता येईना. त्या दिवशी काठ्या पिशवीत ठेवल्या, त्या खुंटीवरच आहेत.

ललित आणि कोकिळाला ठाऊक आहे. ललितने कानाचं मशीन आणलं होतं, त्यात नुसती शिट्टी वाजते. तुझ्या आईला, उषाला, आणि तुला सांगू नका असं मीच दोघांना बजावलं होतं. मला लाज वाटायची पोरी. ड्रम वाजवणारा आणि बहिरा, लोकांना बसल्या जागी गंमत.

आता तुझं. तू मागच्या ओळीत होतीस हे मी व्हिडिओत पहिल्याच नजरेत बघितलं. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. तू सांगत नव्हतीस, म्हणून विचारलं नाही. त्या शाबासकीचा मोठा भाग त्याचसाठी होता.

आणि तुझी जागा माझ्या सल्ल्यानेच गेली, ते तू कितीही झाकलंस तरी. लग्नात माणसं नाचायला येतात, तिथे ड्रमने त्यांच्या मागे जायचं. शाळेची पोरं चालायला येतात, तिथे त्यांनी ड्रमच्या मागे यायचं. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, कारण मी जन्मभर माणसं नाचवली, चालवली कधीच नाहीत. पाचवीच्या पोरांबद्दल तर मी पत्रात पुन्हा तेच ठासून लिहिलं. आता ते वाक्य आठवलं की हसूही येतं आणि तोंड लपवावंसंही वाटतं.

पाय बघू नकोस. परीक्षा चालू आहे तोवर सराव बिनआवाजाचा आहे ना? मग माझ्यासारखं वाजव. शेजारणीचं कोपर बघ, आणि आपलं कोपर असं ठेव की शेजारणीला ते वाचता येईल. यापलीकडे मला काही येत नाही.

२६ ला मी येत नाही. बहिऱ्याने बँड ऐकायला जायचं म्हणजे फारच झालं. तू नीट वाजव, मला लिहून कळव.

तुझा
आबा


वसतिगृह, धुळे
शनिवार, १७ जानेवारी २०२६

प्रिय आबा,

तिळगूळ घ्या. सोबत पुडीत पाठवतेय. टपालात चुरा झाला तर चमच्याने खा.

मागच्या ओळीतल्या आम्ही चौघी जणी कोपराने वाजवायला लागलो. मी त्यांना सांगितलं की ही जळगावची पद्धत आहे. पहिले दोन दिवस एकमेकींच्या कोपराकडे बघून नुसतं हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

पंधरा तारखेला सरांनी आम्हाला हवेतच वाजवत मैदानाला फेरी मारायला लावली आणि मंचासमोर येताच म्हणाले, "आता ड्रमवर एक ठोका." पुढच्या ओळीचे चार ठोके वेगवेगळे पडले. आमच्या ओळीचा एकच पडला. सरांनी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तसंच. मग त्यांनी मला बोटाने खूण केली आणि पहिल्या ओळीचं उजवं टोक दाखवलं. पळत जाणार होते, पण चालत गेले. भरभर जाऊन एकदा भोगलंय.

मोनाली बोलेना. तिची चूक काहीच नव्हती आबा, म्हणून मलाही बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तीच म्हणाली, "कोपर म्हणजे नेमकं कुठे बघायचं?" मी साबणाच्या हातानेच दाखवलं. ती सातपुड्याच्या पायथ्याची, तिच्या गावात होळीला मोठा ढोल वाजतो, तिला एका झटक्यात कळलं. आता ती माझ्या डाव्या हाताला उभी असते आणि माझ्यापेक्षा नीट वाजवते.

तर आबा, तुम्ही या. ऐकायला नका येऊ, बघायला या. ललितमामाला मी अक्कांच्या फोनवरून सांगितलंय, त्याने सुट्टी काढलीय. तुम्ही नाही आलात तर मी कोणाला दाखवायचं? मैदानावरच्या बाकी सगळ्यांना नुसता आवाज येणार. मी काय करतेय हे तुम्हालाच कळणार.

तुमची
मयुरी


वसतिगृह, धुळे
सोमवार, २६ जानेवारी २०२६

प्रिय आबा,

तुम्ही आलात. पायऱ्यांवर मामाच्या शेजारी मफलर गुंडाळून बसलेले मला दिसलात. हात करायचा नसतो, म्हणून केला नाही. संपल्यावर भेटायला धावत येणार होते, पण आम्हाला थेट गाडीत बसवलं आणि गाडी निघाली. खिडकीतून तुम्ही गर्दीत आम्हाला शोधताना दिसलात. मला फार रडू आलं, आणि अजून थांबत नाहीये.

आबा, सगळं वाया गेलं. आमचा बँड पुढे आणि आमच्या मागे शाळांची पथकं. त्यांच्याही मागे चित्ररथाचे टेम्पो उभे होते. आम्ही मंचासमोर वळलो आणि नेमकं तेव्हाच एका टेम्पोवर कोणीतरी डीजे चालू केला. इतका मोठा, की माझाच ड्रम मला ऐकू येईना. गाण्याचा ठेका वेगळा, आमचा वेगळा. मला वाटलं, झालं, परत शाळा पळणार.

मी कोपर उचललं, नेहमीपेक्षा वर. मोनालीने माझं बघितलं, तिच्या पलीकडचीने तिचं. मोठ्या ड्रमचा ठोकाही आमच्याकडे बघून पडायला लागला असं वाटलं. एवढंच मला माहीत आहे. मागे पाय कसे पडत होते ते मला दिसत नव्हतं, वळून बघता येत नाही. सर टेम्पोवाल्याशी भांडायला गेले ते गेलेच. मुली म्हणतात काही कळलंच नाही त्या गोंगाटात.

तुम्ही गुडघा घेऊन इतक्या थंडीत पहाटेच्या बसने आलात, आणि आमच्या ड्रमचा एक ठोका मैदानावर कोणाला ऐकू आला नाही. माफ करा आबा.

तुमची
मयुरी


जळगाव
३० जानेवारी २०२६

चि. मयुरी,

कसला डीजे?

तुझं पत्र वाचलं आणि ललितला विचारलं. तो हातवारे करून म्हणाला, हो, कानठळ्या बसल्या, मी दोन्ही हातांनी कान धरून बसलो होतो. ते मी बघितलं होतं. मला वाटलं त्याला थंडी वाजतेय, म्हणून मी माझा मफलर काढून त्याला दिला. पुढच्या रांगेतल्या बायांनीही कान धरले होते. म्हटलं, धुळ्यात गारवा जरा जास्तच असतो.

पोरी, मला कुठला डीजे आणि कुठलं काय. त्या मैदानावर ज्याच्या आणि तुमच्या बँडच्या मध्ये काही आलं नाही असा एकच माणूस होता, आणि तो तुझा आबा होता. तेव्हा तुला जे दिसलं नाही ते माझ्याकडून ऐक. तुम्ही मंचासमोर वळलात तेव्हा मी पाय बघितले. जुनी खोड आहे, जात नाही. तुझ्या शाळेचे पाय, त्यामागच्या शाळेचे, पार शेवटच्या रांगेतल्या बुटक्या पोरांचे. बठ्ठा पाय एकसाथ पडनात, सगळे अगदी एकदमच पडले. एक पाय चुकला नाही, एक घाईत पडला नाही. कोणी पळालं नाही मयुरी. तुझ्या मागे चालले सगळे. सरांना सांग, की भाईदास ड्रमवाल्याने हे आपल्या डोळ्यांनी बघितलंय आणि पाय बघण्यात तो कधी चुकलेला नाही. सल्ल्यात चुकतो.

उषाला मी कानाचं सांगून टाकलं. ती रडली, मग रागावली, आता मोठमोठ्या अक्षरांत पत्रं लिहिते. मला म्हातारा समजते.

आणखी एक. तुम्ही मंच ओलांडून पुढे गेलात तेव्हा ललितने माझ्या हातावर हात ठेवला. शेजारचे लोक बघत होते. मी खाली बघितलं तर मी दोन्ही हातांनी मांडीवर वाजवत होतो. कधीपासून, देव जाणे. अभिमननंतर मला कोणाचं कोपर वाचता आलं नव्हतं. पण त्या दिवशी पहिल्या ओळीच्या उजव्या टोकाला एक कोपर होतं, आणि त्याच्या मागे मी तुमच्याबरोबर शेवटपर्यंत वाजवलं.

तुझ्या ओळीतला,
आबा